मार्गदर्शकाची सही

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एक पान नव्या पदव्युत्तर डॉक्टरांसाठी राखून ठेवलेले असते. सभासदांची मुले-मुली, सुना, जावई, कुणी एम.डी., कुणी एम.एस. झालेले. छायाचित्र, त्याखाली नाव, विषय आणि महाविद्यालय. स्मरणिका हाती आली की मी आधी हेच पान उघडतो. यांतील कित्येकांना मीच लसी टोचल्या असल्यामुळे त्या प्रौढ, सस्मित चेहऱ्यांमागे मला दीड-दोन वर्षांची रडवेली मुले दिसत राहतात. गेल्या वर्षी ते पान पाहताना मात्र एक निराळाच विचार मनात आला. यांतील प्रत्येकाने तीन वर्षांत एक प्रबंध लिहिला आहे. तो कशावर होता, त्यातून काय निघाले आणि तो कोणाच्या मार्गदर्शनाखाली झाला, यांपैकी एकाही गोष्टीचा तेथे उल्लेख नव्हता. यात संपादकांचा काही दोष नाही. त्या उमेदवारांना विचारले असते, तरी त्यांनी हा तपशील छापण्याजोगा मानला असता, असे वाटत नाही. प्रबंध ही आपल्याकडे सांगण्याची गोष्ट राहिलेली नाही. ती उरकण्याची गोष्ट झाली आहे. याविषयी माझे मत मी येथे मांडणार आहे, आणि त्यात माझा स्वतःचा जो वाटा आहे तोही सांगणार आहे.

नियमाप्रमाणे पाहिले तर व्यवस्था चोख आहे. प्रबंध परीक्षेच्या सहा महिने आधी सादर करावा लागतो आणि तो मान्य झाल्यावाचून परीक्षेला बसता येत नाही. अलीकडे त्यात भर पडली आहे. संशोधनपद्धतीचा एक ऑनलाइन अभ्यासक्रमही पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पूर्ण करावा लागतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या चेन्नई येथील साथरोगशास्त्र संस्थेने तो सिद्ध केला असून तो चांगला आहे. नमुना किती मोठा घ्यावा, पक्षपात कसा टाळावा, संमतिपत्र कसे असावे, हे सारे त्यात नीट शिकवले जाते.

तरीही प्रत्यक्षात काय घडते, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. विषय बहुधा आधीच्या तुकडीच्या प्रबंधांतून उचललेला असतो; शहराचे नाव आणि वर्ष तेवढे बदलते. रुग्णांची नोंद वॉर्डातील धावपळीत राहून जाते. मग शेवटच्या दोन महिन्यांत जुनी केसपत्रे काढून रकाने भरले जातात. महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर संख्याशास्त्र ‘करून देणारी’ दुकाने असतात. काळ्या रेक्झिनच्या बांधणीवर सोनेरी अक्षरे उमटतात. मार्गदर्शकाची सही होते आणि ग्रंथालयाच्या कपाटात एका प्रतीची भर पडते. ती प्रत पुन्हा उघडली जाते ती पुढच्या तुकडीतील विद्यार्थ्याला विषय हवा असतो तेव्हा.

माझा स्वतःचा प्रबंध १९९० च्या दशकातला, इंदूरबाहेरच्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातला. विषय साधा होता. खेड्यात बाळंतपण झाल्यावर वजनकाटा नसेल, तर नुसत्या फितीने छातीचा घेर मोजून कमी वजनाचे अर्भक ओळखता येईल का? दोनशे अर्भके मोजायची, असा संकल्प होता. आमचे विभागप्रमुख हेच माझे अधिकृत मार्गदर्शक. साठ खाटांचा वॉर्ड, बाह्यरुग्ण विभाग, परिषदेची तपासणी आणि न्यायालयातील साक्षी यांतून त्यांना जेमतेम श्वास घेता येई. पहिल्या वर्षात प्रबंधाविषयी त्यांच्याशी माझे एकूण दोनदा बोलणे झाले. दोन्ही वेळा त्यांनी ‘किती झाल्या?’ एवढेच विचारले.

सात महिन्यांत मी एकशे दहा अर्भके मोजली. वजन आणि घेर यांचा आलेख काढला, तेव्हा ठिपके असे विखुरले की त्यांतून रेषा ओढणे कठीण. संख्याशास्त्राची काही चूक असावी, असे समजून मी जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेलो. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते, एम.एस्सी., पीएच.डी. होते. वैद्यकीय महाविद्यालयात अशा अध्यापकांना जी दुय्यम वागणूक मिळते, ती त्यांनाही मिळे. त्यांच्याजवळ पीएच.डी.चे तीन विद्यार्थी होते. दर शनिवारी दुपारी ते तिघांना घेऊन बसत. प्रत्येकाची प्रयोगवही टेबलावर उघडी ठेवलेली असे. नोंदी शाईनेच करायच्या, खोडरबर वापरायचे नाही आणि चुकलेला आकडा त्याच्यावर एकच रेघ मारून वाचता येईल असा ठेवायचा, हा तेथला दंडक होता. त्या शनिवारच्या बैठकीत त्यांनी मलाही एक खुर्ची दिली.

माझा आलेख त्यांनी बराच वेळ पाहिला. मग रंगीत पेन्सिली पुढे सरकवून म्हणाले, “प्रत्येक महिन्याला एक रंग द्या.” मी रंग देत गेलो आणि माझ्या डोळ्यांदेखत तो गोंधळ उलगडला. पहिल्या दोन महिन्यांचे ठिपके वर, पुढचे त्याखाली आणि शेवटच्या महिन्यांचे सर्वांत खाली. वजन तेच असूनही अर्भकांची छाती महिन्यागणिक अरुंद होत चालली होती. असे तर घडणे शक्य नव्हते. त्यांनी विचारले, “फीत कोणती वापरता?” मी खिशातून काढून दिली. शिंप्याजवळ असते तशी कापडी फीत होती. त्यांनी ती पोलादी पट्टीवर ठेवली. वापरून वापरून ती ताणली गेली होती. तीस सेंटिमीटरला ती जवळजवळ अर्धा सेंटिमीटर कमी दाखवत होती. अर्भकांच्या बाबतीत एवढा फरक म्हणजे सारा अभ्यासच पाण्यात.

आमच्या विभागात ही गोष्ट कळल्यावर ‘सगळ्यांत अर्धा मिळवून टाक आणि मोकळा हो’ असा सल्ला मिळाला. सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता; परीक्षा तोंडावर आली होती. मोह मलाही झाला. प्राध्यापकांना मी तसे विचारले. ते रागावले नाहीत. “पहिल्या महिन्यात किती मिळवायचे आणि सातव्यात किती?” एवढेच त्यांनी विचारले. फीत हळूहळू ताणली गेली होती. कोणत्या दिवशी किती, हे कोणालाच सांगता आले नसते. उत्तर त्यांनी मला दिले नाही. प्रश्न दिला आणि उत्तर माझे मला सापडेपर्यंत ते थांबले.

मी न ताणली जाणारी फीत आणली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. उरलेल्या पाच महिन्यांत चौऱ्याऐंशी अर्भके झाली. “दोनशेचे चौऱ्याऐंशी? परीक्षक काय म्हणतील?” असे विभागप्रमुख म्हणाले. त्यांनी दोन दिवस कागद ठेवून घेतले आणि अखेर सही केली, हेही येथे नमूद केले पाहिजे. प्रबंधात एक पूर्ण पान मी त्या फितीविषयी लिहिले. परीक्षकांनी ते पान उघडले नाही. जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापकांचे नाव मुखपृष्ठावर येणे नियमात बसत नव्हते. ते ऋणनिर्देशात, टंकलेखकाच्या नावाच्या दोन ओळी आधी आले. पुढे तीस वर्षे नवजात अर्भके तपासताना कोणतेही उपकरण हाती घेतले की ते बरोबर आहे ना, हे मी आधी पाहतो. ही सवय मला एम.डी.च्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाने लावलेली नाही.

विज्ञानाच्या इतिहासात हे नवे नाही. हान्स क्रेब्ज यांचे नाव आपण सर्वांनी प्रथम वर्षात घोकले आहे. त्यांनी १९६७ साली ‘नेचर’मध्ये शास्त्रज्ञ कसा घडतो याविषयी एक लेख लिहिला आणि त्यात स्वतःची गुरुपरंपरा मांडली. क्रेब्ज यांचे गुरू वारबुर्ग, त्यांचे एमिल फिशर, त्यांचे बायर, त्यांचे केकुले आणि त्यांचे लीबिग. घराण्याची गायकी सांगावी तशी ही परंपरा आहे. क्रेब्ज धरून यांतील चौघे नोबेलचे मानकरी. वारबुर्ग यांच्याजवळ क्रेब्ज १९२६ ते १९३० अशी चार वर्षे होते. गुरूकडून शिष्याकडे तंत्र आणि माहिती यांच्याही आधी वृत्ती जाते, हे त्या लेखाचे सार. स्वतःच्या निष्कर्षाकडे कठोरपणे पाहण्याची ती वृत्ती पुस्तकात मिळत नाही. सहवासात लागते.

आपण पाठ केलेल्या दोन्ही चक्रांच्या मागे क्रेब्ज यांच्याबरोबर एकेक विद्यार्थी उभा आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. यूरिया चक्र १९३२ साली फ्रायबुर्ग येथे उलगडले, ते कुर्ट हेन्सेलाइट या वैद्यकाच्या विद्यार्थ्याबरोबर. हेन्सेलाइट आपल्या डॉक्टरेटसाठी विषय शोधत क्रेब्ज यांच्याकडे आले होते. म्हणजे आपल्या निवासी डॉक्टरांसारखेच प्रबंधाच्या गरजेपोटी आलेले. त्यांचे नाव त्या शोधाला कायमचे जोडले गेले. सायट्रिक आम्लाचे चक्र १९३७ साली शेफील्डला मांडले गेले, तेव्हा विल्यम जॉन्सन हे त्यांचे संशोधक विद्यार्थी सोबत होते. प्रबंधाचे काम कनिष्ठच असते, असा कोठे नियम नाही.

या दोन शोधांच्या मध्ये १९३३ हे साल येते. त्या वर्षी जर्मनीत नाझी राजवट आली आणि ज्यू असल्याच्या कारणाने क्रेब्ज यांना फ्रायबुर्गमधून काढून टाकण्यात आले. केंब्रिजच्या जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख सर फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स यांनी त्यांना बोलावून घेतले. जीवनसत्त्वांच्या कामासाठी १९२९ चे नोबेल मिळवणारे तेच हे हॉपकिन्स. दुसरीकडे दार बंद झालेल्यांना, आणि त्यांत स्त्रियाही आल्या, सामावून घेणारा त्यांचा विभाग होता.

त्याच वर्षी आपल्या देशात एक दार बंद झाले. त्याची कथा आपण इंदूरकरांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण जिच्यासाठी ते बंद झाले ती मुलगी इंदुरात जन्मलेली होती. कमला भागवत, लग्नानंतरच्या डॉ. कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. मुंबई विद्यापीठाची विज्ञानाची पदवी त्यांनी उत्तम गुणांनी मिळवली आणि बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही त्याच संस्थेतून शिकलेले. संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी तेथे जाऊन सत्याग्रह केला. तेव्हा प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष उमेदवारीचे. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करायचे. आणि आपल्या उपस्थितीने प्रयोगशाळेचे वातावरण बिघडू द्यायचे नाही. रामन यांचे थोरपण निर्विवाद आहे. कोलॅजनची रचना मांडणारे जी. एन. रामचंद्रन त्यांच्याच हाताखाली तयार झाले, आणि पुढे १९४० साली ॲना मणी यांना त्यांनी स्वतःच्या प्रयोगशाळेत घेतले. तरीही त्या अटींचा सल कमलाबाईंच्या मनातून अखेरपर्यंत गेला नाही, आणि त्यांनी तो उतारवयात जाहीरपणे बोलून दाखवला. मोठा शास्त्रज्ञ हा आपोआप चांगला मार्गदर्शक होत नाही, एवढाच यातून बोध घ्यायचा.

बंगलोरमध्ये कमलाबाईंना प्रत्यक्ष शिकवले ते एम. श्रीनिवासय्या यांनी. ते कडक होते, पण विद्यार्थिनीने विषयातील मूळ ग्रंथ वाचावेत आणि नामवंत संशोधकांशी पत्रव्यवहार करावा, असा त्यांचा आग्रह असे. दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर कमलाबाईंनी तेथे काम केले. वर्षभरात रामन यांचेही मत पालटले आणि पुढच्या मुलींसाठी वाट मोकळी झाली. मग त्या केंब्रिजला, हॉपकिन्स यांच्याच विभागात गेल्या. तेथे डेरेक रिक्टर यांनी आपले टेबल त्यांना दिवसा कामासाठी दिले आणि रात्री ते स्वतः त्याच टेबलावर झोपत, अशी हकीकत सांगतात. पुढे रॉबिन हिल यांच्याबरोबर बटाट्यावर काम करताना सायटोक्रोम सी वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांनी दाखवले. तेथे पोहोचल्यापासून चौदा महिन्यांत प्रबंध पुरा झाला. टंकलिखित पाने होती चाळीस. आपले एम.डी.चे दोनशे पानी ग्रंथ चाळताना हा आकडा मला हटकून आठवतो.

पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत कमलाबाई स्वतः मार्गदर्शक झाल्या. त्यांनी विद्यार्थ्यांना दिलेले विषय पाहा: नीरा, डाळी आणि कडधान्यांतील प्रथिने, कडधान्यांतले ट्रिप्सिनला अडवणारे घटक. सामान्य माणसाच्या, कुपोषित मुलाच्या ताटातील प्रश्न त्यांनी प्रयोगशाळेत नेले. आज एखाद्या आईला मी ‘डाळ नीट शिजवून द्या’ असे सांगतो, तेव्हा त्या साध्या वाक्यामागे अशाच कित्येक विद्यार्थ्यांच्या वह्या असतात.

हे सारे ठाऊक असताना मी स्वतः काय केले, ते सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक ठरणार नाही. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात मी पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा मानद सहमार्गदर्शक होतो. नाळेच्या रक्तातील बिलिरुबिनवरून पुढे होणाऱ्या काविळीचा अंदाज येतो का, असा एका विद्यार्थ्याचा विषय होता. मुलगा कष्टाळू आणि नम्र. एका संध्याकाळी दवाखान्यात गर्दी असताना तो चार प्रती घेऊन आला. दोन रुग्णांच्या मधल्या वेळात मी चारही प्रतींवर सह्या केल्या. निष्कर्षाचे कोष्टक तेवढे पाहिले. ते सुबक होते.

ते कोष्टक माझ्या डोक्यात राहिले. त्याच्या भरवशावर माझ्या नर्सिंग होममधून दुसऱ्या दिवशी अर्भकांना घरी सोडताना मी थोडा सैल झालो. त्यांतले एक अर्भक पाचव्या दिवशी हळदीसारखे पिवळे होऊन परत आले. त्याचे रक्त बदलावे लागले. ते बाळ वाचले. पुढे त्याची श्रवणचाचणी झाली आणि तीही ठीक आली. मी त्या रात्री तो प्रबंध काढून प्रथमच पहिल्या पानापासून वाचला आणि सकाळी त्या विद्यार्थ्याला दूरध्वनी केला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, त्यातल्या शेवटच्या तीस केसेस भरलेल्या आहेत. आपण विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं.”

त्याच्यावर मी रागावू शकलो नाही. मला कोणीतरी रंगीत पेन्सिली दिल्या होत्या. मी त्याला फक्त सही दिली होती. त्या शनिवारच्या बैठकीतला एक तास मी त्याला दिला असता आणि ‘हे रक्त कोणी काढले, किती वेळाने तपासले, वही दाखव’ एवढेच म्हटले असते, तर तीस खोट्या नोंदींऐवजी तीस कमी नोंदींचा खरा प्रबंध तयार झाला असता. खोटे आकडे बहुधा लबाड विद्यार्थी लिहीत नाहीत. ‘झाले नाही’ असे सांगण्याची सोय ज्याला कोणी ठेवलेली नसते, तो घाबरलेला विद्यार्थी ते लिहितो.

मार्गदर्शकांची बाजूही रास्त आहे. जागा वाढल्या, शिकवणारे त्या प्रमाणात वाढले नाहीत. निवासी डॉक्टर छत्तीस-छत्तीस तास उभा असतो. अशात संशोधन कसले, हा प्रश्न खोटा नाही. पण माझ्या प्राध्यापकांजवळही ना निधी होता, ना सत्ता. आठवड्यातली एक दुपार होती, आणि ती त्यांनी कधी चुकवली नाही. दोनशे रुग्णांचा आग्रह सोडून चाळीस रुग्णांचा, पण स्वतः मोजलेला अभ्यास मान्य करावा. अपेक्षेविरुद्ध आलेला निष्कर्ष तितक्याच आदराने स्वीकारावा. आणि जो मार्गदर्शक कच्च्या नोंदी पाहणार नाही त्याने सही करू नये. यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आपल्या मंडळापुरती एक सूचना करतो. आपल्यात निवृत्त प्राध्यापक आहेत, रोगनिदानशास्त्रातील जुने जाणते आहेत, चाळीस वर्षे व्यवसाय केलेले वैद्य आहेत. दर महिन्याला एका रविवारी सकाळी आपल्या शहरातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आपण बोलवावे. स्लाइड नकोत, भाषण नको. त्यांनी नोंदवही आणावी आणि आपण चहाबरोबर प्रश्न विचारावेत. मी स्वतः पहिल्या रविवारी येईन. माझा प्रबंध, त्या फितीच्या पानासह, सोबत आणीन. ज्या प्रबंधावर मी न वाचता सही केली तोही आणीन.

आणि संपादकांना एक विनंती. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत नव्या पदव्युत्तर डॉक्टरांच्या छायाचित्राखाली दोन ओळी जास्त छापाव्यात: प्रबंधातून काय निघाले ती एक ओळ आणि मार्गदर्शकाचे नाव ही दुसरी. आपले नाव असे छापले जाणार, हे ठाऊक असेल, तर सही करण्यापूर्वी आम्ही मार्गदर्शक मंडळी निदान एकदा तो प्रबंध वाचू.